वानखडे सरांचं सपाट कोकण

आमच्या कॉलनीतून कुणी सायकल घेऊन कोथिंबीर आणायला निघालं, तरी वानखडे सर त्याला कोकणचा रस्ता सांगतात.

"कुठी चालला बे?"

"भाजीबाजारात, सर."

"जाय. पण एक ध्यानात ठेव. दिवेआगरवरून निघालं ना, का मेन रोड सोडून द्यायचा. शेखाडीकडून जायचं. समुद्र उजव्या हाताले ठेवायचा आन् सीधं श्रीवर्धन. एकदम सपाट. विषय खतम!"

कोथिंबीरवाला मान हलवतो आणि राजापेठेकडे वळतो. सरांना त्याचं काही वाटत नाही. त्यांनी आपलं काम केलेलं असतं.

आता हे सगळं अमरावतीत चालतं. इथून समुद्र इतका लांब, की तो आम्हाला फक्त हवामानाच्या बातम्यांत भेटतो, तोही कमी दाबाचा पट्टा होऊन. आमच्याकडे पाणी म्हणजे छत्री तलाव, वडाळी तलाव आणि नळाला एक दिवसाआड येतं ते. अशा गावात बसून वानखडे सरांना कोकण किनाऱ्यावरचं वळण न् वळण पाठ आहे. कुठे खाडी लागते, कुठे सायकल बोटीत चढवावी लागते, कुठे रस्ता सोडून ओल्या वाळूवरून चालवता येते, सगळं. आणि त्यांनी समुद्र आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. हे ते लपवतही नाहीत. "पाहाले कायले पायजे? नकाशा हाय ना," असं म्हणतात, आणि इतक्या खणखणीत आवाजात म्हणतात, की समुद्र पाहून आलेला माणूसच ओशाळतो.

सर चांदूर बाजारच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. भूगोलाचे मास्तर रजेवर गेले की तो तास सरांकडे यायचा, आणि भूगोलाच्या मास्तरांना रजा फार प्रिय होत्या. त्यामुळे सर वर्षानुवर्षं फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत आले. विदर्भ ते दोन फटक्यांत उरकायचे. "आपलं काय, आपल्याले माहीतच हाय." उरलेला सगळा तास किनाऱ्यावर. निळा खडू घेऊन एकेक खाडी अशी कोरायचे, की घंटा झाली तरी रत्नागिरी यायची नाही. त्यांचे विद्यार्थी आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांना अमरावती जिल्ह्यात तालुके किती ते सांगता येत नाही, पण दाभोळची खाडी झोपेतही काढून दाखवतात.

निवृत्त झाल्यावर सरांनी माझ्या शेजारी घर बांधलं. फळा सुटल्याची भरपाई म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर ऑइलपेंटने अख्खा किनारा काढला. फाटकापाशी रेवस, विजेच्या मीटरखाली मुरुड, पाण्याच्या टाकीला वळसा घालून दापोली. कोपऱ्यात वेंगुर्ला आला आणि भिंत संपली. पुढची भिंत माझी. गोवा तुमच्या भिंतीवर येऊ द्या, अशी त्यांनी विनंती केली. मी भिंतीला नुकताच रंग दिला होता, नाही म्हणालो. तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "गोवा बी झाला असता बावा, पण या बँकवाल्यानं अडकवून ठेवला." मी बँकेत कॅशियर होतो. लोकांना वाटतं, कर्जाचं काही प्रकरण असावं.

घरात सर आणि इंदूवहिनी, दोघंच. वहिनी माहेरच्या तिवस्याच्या. बुटक्या, शांत, सर ओरडत असले की खुशाल मेथी निवडत बसणाऱ्या. सरांची सायकल काळी, उंच आणि जुनी. कॅरिअरवर गोधडी दुमडून शिवलेली गादी. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, वहिनी त्या गादीवर एकीकडे पाय सोडून बसतात, हातात छत्री उघडून. समोरून वारा आला की छत्री मागे ओढते, सर पुढे ओढतात, आणि सायकल जागेवरच राहते. मी गाडी घेतली तेव्हा मोठ्या उत्साहाने म्हणालो, "वहिनी, चला, सोडतो." त्या दोन पावलं मागे सरकल्या. "नोको भाऊ. सायकलच बरी." मी चारदा विचारलं, चारदा तेच. मला राग आला. गाडीत एसी होता.

तर, मध्यंतरी अमरावतीला सायकलीचं वेड लागलं. डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळे डोक्यावर हेल्मेट आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून सकाळी रस्त्यावर दिसू लागले. माझा मित्र अविनाश काळमेघ विम्याचा एजंट, देहाने भारदस्त. त्याने स्वतः सायकल घेतली आणि मलाही घ्यायला लावली. आमचं चार-पाच जणांचं टोळकं जमलं, आणि कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं, की डिसेंबरात कोकणात जाऊ, समुद्राकाठून सायकल चालवू. हे वाक्य माझ्या फाटकात उच्चारलं गेलं, ही मोठी चूक झाली. भिंतीपलीकडून सरांचं डोकं वर आलं.

"कोणती सायकल नेऊन राह्यले?"

अविनाशने आपली गिअरची सायकल दाखवली. सर हसले.

"गिअर कायले पायजे? समुद्राचं पाणी सपाट असते का नाही?"

"असतं."

"मंग त्याच्या काठचा रस्ता चढन कायले? आपल्या दर्यापूरकडे पाहून या. पूर्णा नदी हाय, काठ हाय. चढ हाय का कुठी?"

नव्हता. ज्यांनी कोकण पाहिलेलं नाही अशा वऱ्हाडी माणसांना हा युक्तिवाद तोडता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर आमचे प्रशिक्षक झाले. त्यांनी स्वतःच स्वतःला नेमलं. समुद्राची सवय व्हावी म्हणून दर रविवारी ते आम्हाला वलगाव ओलांडून दर्यापूरच्या रस्त्याला नेत. हा भाग खारपाणपट्ट्याचा. जमीन काळीभोर, तळहातासारखी सपाट, आणि विहिरींना, हातपंपांना पाणी खारट. एका गावात सरांनी आम्हाला हातपंपाशी उभं केलं.

"प्या."

"सर, हे खारट आहे."

"म्हणूनच म्हटलं, प्या. इथं समुद्र नाही तरी पाणी असं हाय. जिथं साक्षात समुद्र हाय तिथल्या विहिरीचं कसं असन? तोंडात धरवणार नाही. आतापासून सवय करा!"

आम्ही प्यायलो. झाडाखाली बसलेला एक म्हातारा हे सगळं पाहत होता. तो काळजीने म्हणाला, "मास्तर, हे पाणी तं आमी ढोराइले बी पाजत नाही." सर म्हणाले, "ढोरं कोकणात चालली का?" त्या रविवारी अविनाशने परतीच्या वाटेवर तुरीच्या शेतात इतक्या वेळा थांबा घेतला, की शेतमालकाने येऊन त्याची चौकशी केली.

अखेर असं ठरलं, की कोकणात गोडं पाणी मिळणार नाही, तेव्हा ते इथूनच न्यायचं. प्रत्येकाच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन. शिवाय ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला कांदा. गिअरच्या सायकली सरांनी नापास केल्या, "वजन पेलाले साधी सायकलच पायजे." सगळं झाल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही पण चला ना."

सरांनी भिंतीवरच्या मुरुडला लागलेली माती पुसली. "मी आलो तं इथलं कोण पाहीन?"

इथलं म्हणजे काय, तर एक कढीपत्त्याचं झाड.

बडनेरा स्टेशनवर ते आम्हाला पोहोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून सूचना सुरू होत्या. गाडी हलली तसे ते सोबत चालू लागले, मग पळू लागले. "बाणकोटची बोट चुकवू नोका!" प्लॅटफॉर्म संपला म्हणून थांबले, नाहीतर मूर्तिजापूरपर्यंत आले असते. आम्ही खूप हसलो. अविनाश म्हणाला, "घाबरते बुढा. नुसत्या तोंडाच्या गोष्टी." मलाही तसंच वाटलं.

कल्याणला उतरून टेम्पोने दिवेआगर गाठलं. पहिला दिवस स्वप्नासारखा गेला. शेखाडीचा रस्ता खरोखरच सरांनी सांगितला तसा निघाला, समुद्र उजव्या हाताला, थेट रस्त्याला लागून. आम्ही सरांच्या नावाने जयजयकार केला. श्रीवर्धनला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वराच्या दिशेला निघालो आणि रस्ता वर चढू लागला.

आम्हाला वाटलं, पूल असेल. पूल नव्हता. रस्ता चढत गेला, वळला, पुन्हा चढला. समुद्र खाली राहिला, लहान झाला. सपाट होता, यात शंका नाही. पण आम्ही त्याच्या डोक्यावर कुठेतरी होतो, बिनगिअरच्या सायकली ढकलत, दोन्ही बाजूंना अमरावतीच्या नळाचं पाणी लटकवून. खाडी ओलांडली की डोंगर, डोंगर उतरला की खाडी, की पुन्हा डोंगर. कोकणात समुद्राकाठचा माणूस एका गावातून दुसऱ्या गावात जातो तेव्हा तो मधे आभाळात जाऊन येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. केळशीच्या अलीकडे अविनाश रस्त्याच्या कडेला आडवा झाला आणि स्वतःच्या विम्याबद्दल बोलू लागला.

केळशीत एका घराच्या अंगणात टेकलो. घरच्या आजींनी आमच्या सायकली पाहिल्या.

"दूध विकता की काय?"

"नाही, पाणी आहे. प्यायचं."

"कुठून आणलंत?"

"अमरावतीहून."

आजींनी विहिरीचा पोहरा ओढला आणि तांब्या भरून दिला. अविनाशने घोट घेतला आणि माझ्याकडे अत्यंत वाईट नजरेने पाहिलं. "बावा," तो म्हणाला, "हे तं साखर हाय."

आम्ही कॅन त्यांच्या माडाला ओतले आणि सायकली टेम्पोत टाकून परतलो. परतीच्या गाडीत, सरांशी काय बोलायचं ते मी मनात घोटत होतो, आणि बडनेऱ्यापर्यंत ते चांगलं दाट झालं होतं.

घरी सामान टाकलं आणि तसाच सरांच्या अंगणात शिरलो. सर झाडाला पाणी देत होते, वहिनी शेंगा निवडत होत्या. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

"सर, तुमचं कोकण सपाट नाही!"

"कावून?"

"कावून काय कावून! चढ आहेत. एक संपला की दुसरा. एकटा माणूस सायकल ढकलून मेटाकुटीला येतो. आणि पाणी गोड आहे, विहिरी तुडुंब! तुम्ही आम्हाला खारट पाजलंत, कॅन वाहायला लावलेत..."

मला वाटलं होतं ते आवाज चढवतील, नकाशा काढतील, मला खोटं पाडतील. मी त्या तयारीने गेलो होतो. सरांनी नुसता नळ बंद केला. "सगळीकडे चढ हाय?" त्यांनी विचारलं. सगळीकडे, मी म्हणालो. "दूध आणतो चहाले," असं म्हणून त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि फाटकाबाहेर गेले. सायकलसुद्धा नेली नाही.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या अजून शेंगाच निवडत होत्या.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमचा राग बरोबर हाय. पण आमच्या यायले रस्ता सपाटच पायजे होता."

मग त्यांनी मला सांगितलं. लग्न झालं तेव्हा सरांनी विचारलं, तुला काय पाहिजे? "म्या म्हटलं, समुद्र दाखवा. आमच्या तिवस्यात कोणीच पाह्यला नव्हता. मंग मुंबईच्या गाडीत बसलो. बडनेरा सुटलं नाही तं मले गरगराले लागलं. मूर्तिजापूरले उलटी. अकोल्यापावतर तं मी म्हटलं, मले उतरवा, नाही तं मरीन इथंच. उतरलो. अकोल्याले माह्या मावशीकडे राह्यलो, तेच आमचं फिरणं. परत यायची येळ आली तं मी ना गाडीत बसाले तयार, ना मोटारीत. मंग यायनं अकोल्यातच सायकल घेतली. मले मांगं बसवलं, मूर्तिजापूरले मुक्काम केला, आन् घरी आणलं. सायकलवर मले काही होत नाही भाऊ. वारा लागते."

आणि तेव्हापासून सरांचा बेत ठरलेला होता. समुद्राकाठी न्यायचं ते सायकलवरच, डबलसीट, या गावातून त्या गावात, रमतगमत. नोकरीत ते जमलं नाही. निवृत्त झाले तोवर सरांचे गुडघे बोलू लागले होते. चढावर दोघांचं वजन ओढणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून कोकणातले चढ त्यांनी काढूनच टाकले.

"म्या कितीकदा म्हटलं, एकले जाऊन या. पाहून या, मले सांगा. तं म्हणतात, दोघाइचं ठरलं होतं. एकट्यानं पाह्यला तं ते चोरी झाली."

मला फार वाईट वाटलं. इतका वेळ मी एका बढाईखोर माणसाशी भांडतोय अशी माझी समजूत होती. गाडीत बसायला नकार देणाऱ्या या बाईवर मी मनातून रुसलो होतो, तेही आठवलं. मी चार शेंगा घेऊन निवडू लागलो. चुकीच्या टोपलीत टाकत होतो.

सर दूध घेऊन आले. पिशवी वहिनींसमोर ठेवली.

"ऐकलं ना? चढ हाय म्हणते बँकवाला."

"ऐकलं. मंग चढावर उतरीन म्या. चालत येईन."

"तुह्यानं होते का चालणं?"

"होईन हळूहळू. आन् पलीकडे उतरण असन ना? तिथं बसीन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "असते काय उतरण?"

"असते," मी म्हणालो. "लय असते सर. पायडल मारावंच लागत नाही. शिवाय पाणी गोड आहे."

"मंग! पाण्याचा तरास नाही तिकडे, मले माहीतच होतं," सर म्हणाले, आणि मी ते गिळलं.

"पण गाडीचं काय?" वहिनी म्हणाल्या. "मले लागन ना."

सर ओट्यावर बसले. बराच विचार केला. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"इंदू, आपलं चुकलं कुठी माहीत हाय का? अकोल्याले उतरलो ते बरोबर होतं. वापस आलो, ते चुकलं. तिथंच चार दिवस थांबून पुढची गाडी धरा लागत होती!"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. एवढा संसार झाला, आणि हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर आमची कॉलनी कामाला लागली. चांदूर बाजारच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या संत्र्याच्या ट्रकमधून सायकल पुढे गेली. अविनाशने वहिनींचा प्रवास विमा काढून दिला, फुकट, हे त्याच्या बाबतीत ऐतिहासिक होतं. आणि सर-वहिनी निघाले. मुक्कामाचं गाव ठरलेलं नव्हतं. वहिनींना गरगरलं की उतरायचं. बरं वाटलं की चढायचं.

सरांचे फोन येत. फोन कानापासून लांब धरावा लागे. "बँकवाले, अकोला पार!" शेगावला उतरले तर दर्शन झालं, ते बरंच झालं. "मलकापूर पार!" भुसावळला दोन दिवस विश्रांती. जळगावला कुणी ओळखीचं नव्हतं, पण स्टेशनवरच एक कुटुंब भेटलं, त्यांनी घरीच नेलं आणि भरीत खायला घातलं. कॉलनीत रोज संध्याकाळी लोक मला विचारू लागले, आज वहिनी कुठवर? मी क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा सांगत असे. नाशिकनंतर फोन बंद झाले. मी काळजीत पडलो. घाट होता, पुढे मोटारीचा प्रवास होता.

मग एका दुपारी फोन वाजला. नंबर सरांचा, पण आवाज ओळखू येईना. आयुष्यात पहिल्यांदा सर कुजबुजत होते.

"बँकवाले, पोचलो."

"कुठे?"

"दिवेआगर. खोली भेटली. समोरच हाय समुद्र, खिडकीखाली."

"अरे वा! सर, कसा आहे?"

"मले काय माहीत? म्या नाही पाह्यला अजून."

"म्हणजे?"

"ती झोपली हाय. मोटारीत लय तरास झाला तिले. आल्या आल्या आडवी झाली. म्या खिडकी लावून घेतली आन् तिकडे पाठ करून बसलो."

"अहो सर, इतक्या लांब गेलात. जरा डोकावून तरी..."

"हळू बोला," ते म्हणाले. "उठन ना ती."

फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी कानाला लावून तसाच उभा राहिलो. मागे समुद्र ऐकू येत होता, आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, इंदूवहिनींचं बारीक घोरणं.